बटण दाबलं की नुसता अंधार होतो, मग त्याचा उपयोग काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हातात कॅनन ७००डी, सोबत १८-५५ची किट लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८. कार्यशाळेत सरांनी सांगितलं की लँडस्केप काढताना दर वेळी लेन्सशेजारचं ते छोटं बटण दाबून डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे किती पट्टा स्पष्ट येणार ते, बघून घ्यायची. तुम्ही इमानेइतबारे दाबता आणि दिसतो तो फक्त अंधार. फोटो मागच्या स्क्रीनवर लगेच बघता येत असताना हे बटण आता कशाला? आणि पुढेमागे मिररलेस (आत आरसा नसलेला, चित्र स्क्रीनवरच दाखवणारा कॅमेरा) घ्यायचा आहे, तर त्यात ते आहे का हे बघायला हवं का?

अंधार दिसतो यात तुमचं काही चुकत नाही. कॅमेराही बिघडलेला नाही. ७००डी आणि किट लेन्स या जोडीवर, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून ते बटण दाबलं तर फारसं काही कळतच नाही. सरांचंही खोटं नाही. ती सवय फिल्मच्या काळातली आहे, आणि मी त्याच काळात शिकलो म्हणून ती कुठून आली ते मला ठाऊक आहे.

मी सातारचा. लग्नं, सराफांची दागिन्यांची कॅटलॉगं आणि सप्टेंबरात कासच्या पठारावरची फुलं, असा माझा बरीच वर्षं चाललेला उद्योग. शिकलो पेंटॅक्स के१०००वर. त्या कॅमेऱ्याला हे बटण नव्हतंच. ज्यांच्याकडे शिकलो ते एक युक्ती करायचे: लेन्सचं लॉक दाबून ती जराशी फिरवायची, पूर्ण काढायची नाही. तेवढ्याने ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतल्या पात्यांचं छिद्र, मिटायचं आणि आत डोकावता यायचं. असे द्राविडी प्राणायाम आम्ही करायचो, कारण रोलमध्ये ३६ फोटो आणि धुऊन यायला दोन दिवस. आधी बघून घेण्याला तेव्हा पैशात किंमत होती.

आता तुमचा खरा प्रश्न. माझ्या मते तो ‘बटण उपयोगी आहे का’ हा नाहीच. ‘क्लिक करण्याआधी मला कसं कळणार की काय स्पष्ट येणार आणि काय धूसर होणार’, हा आहे. त्याला तीन वाटा आहेत: डोळ्यांनी बघणं, हिशोब करणं, आणि काढून तपासणं. बटण ही त्यातली पहिली वाट. डिजिटलमध्ये तिसरी वाट फुकट झाली, त्यामुळे पहिलीची वर्दळ कमी झाली, एवढंच. कुठली धरायची ते समोर काय आहे त्यावर ठरतं. लँडस्केपसाठी माझं उत्तर वेगळं, फुलासाठी वेगळं, लग्नाच्या ग्रुप फोटोसाठी आणखी वेगळं.

आधी अंधाराचं बघू. तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यातून, म्हणजे एसएलआरमधून, तुम्ही बघत असता तेव्हा लेन्स कायम पूर्ण उघडी असते. तुम्ही एफ/११ लावलंत (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) तरी कॅमेरा ते नुसतं लक्षात ठेवतो. क्लिक केल्यावर, फोटो पडण्याच्या त्या क्षणापुरत्या पात्या मिटतात आणि लगेच उघडतात. म्हणजे तुम्ही बघता एका ॲपर्चरला आणि फोटो येतो दुसऱ्याच ॲपर्चरला. बटण दाबलं की पात्या त्याच वेळी मिटतात आणि तुम्हाला खरी गोष्ट दिसते, पण कमी उजेडात. किट लेन्स ५५ एमएमला जास्तीत जास्त एफ/५.६ उघडते. तिथून एफ/११ म्हणजे दोन स्टॉप; एका स्टॉपला उजेड निम्मा होतो, म्हणजे उजेड पावभर उरला. त्यात ७००डीचा व्ह्यूफाइंडर पेंटामिररचा (भरीव काचेऐवजी आरशांचा, म्हणून कमी उजळ) आणि लहान, फ्रेमचा ९५ टक्केच भाग दाखवणारा. आधीच अंधाऱ्या माजघरात कुणीतरी पडदाही ओढून घ्यावा, तसं ते होतं. शिवाय एफ/५.६ आणि एफ/८ यांच्यातला एका स्टॉपचा फरक एवढ्याशा चित्रात माझ्या डोळ्यालाही धड दिसत नाही.

आता याच्या उलटी गंमत तुमच्या ५० एमएमवर करून बघा. ॲपर्चर एफ/१.८ ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून मागची धूसर झालेली एखादी वस्तू नीट निरखा. मग एफ/२.८ लावा आणि बटण दाबा. जवळपास काहीच बदलणार नाही. ना अंधार, ना धूसरपणा. कारण ऑटोफोकसच्या जमान्यात व्ह्यूफाइंडरमधली फोकसिंग स्क्रीन चित्र उजळ दिसावं अशी घडवली गेली, आणि त्या उजळपणाची किंमत म्हणून ती साधारण एफ/२.८च्या पलीकडचं मोठं ॲपर्चर डोळ्यापर्यंत पोचूच देत नाही. लेन्स एफ/१.८ असो की एफ/१.४, तुम्हाला दिसतं ते एफ/२.८च्या आसपासचं. मोठ्या ॲपर्चरला व्ह्यूफाइंडर असा चक्क थाप मारतो, आणि बटणाचाही त्यावर इलाज नाही.

याचा फटका बसतो तो बारशाच्या फोटोत. एक मीटरवरून, ७००डीवर, ५० एमएम एफ/१.८ला स्पष्ट येणारा पट्टा एकूण अडीच-पावणेतीन सेंटिमीटरचा असतो. बाळाचं नाक आणि डोळे एवढ्यात बसले तर बसले. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र चार सेंटिमीटरच्या वर पट्टा दिसत असतो, म्हणून तुम्ही निर्धास्त. घरी येऊन बघावं तर नाकाचा शेंडा छान, पापण्या गेलेल्या. माझ्या जुन्या ५डी मार्क टू मध्ये यासाठी वेगळी फोकसिंग स्क्रीन बसवता यायची, ईजी-एस नावाची. ती खरं दाखवायची, पण एफ/४-५.६च्या लेन्सवर तिच्यातून बघणं म्हणजे डोळ्याला शिक्षा. ७००डीची स्क्रीन अशी घरी बदलायची सोय नाही, तेव्हा तो विषय सोडा.

मग मी ते बटण अजून का दाबतो? उत्तर एका वाक्यात आहे: स्पष्ट काय येणार ते बघायला नाही, काय अजून नाहीसं झालेलं नाही ते बघायला.

कासचा एक प्रसंग सांगतो. सीतेची आसवं फुलली होती. जांभळी, बोटाच्या पेराहून लहान फुलं, ओल्या कातळावर दाटीने. वाटेच्या कडेला पोटावर पडून १०० एमएम मॅक्रोने एका फुलाच्या अर्ध्या आकाराइतक्या जवळ गेलो होतो, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्याच्या निम्मं पडत होतं. व्ह्यूफाइंडरमध्ये मागे एक फिकट गुलाबी धुकं. सुंदर. म्हटलं देवाने बॅकग्राउंड पाठवलं. फुलाचे दोन्ही ओठ आणि खालची सोंड स्पष्ट हवी म्हणून एफ/११ लावलेलं होतंच. सवयीने बटण दाबलं, तळहाताने डोळ्याभोवतीचा उजेड अडवला, आठ-दहा सेकंद थांबलो. डोळा सरावला तसं ते गुलाबी धुकं गोळा होत गेलं आणि त्यातून लाल रेनकोट घातलेला, छत्री धरलेला एक माणूस उभा राहिला. कास २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, आणि तिथे सप्टेंबरातल्या रविवारी बॅकग्राउंडला रेनकोट नसेल असा कोनच सापडणं मुश्कील.

हे का होतं त्याचा हिशोब सोपा आहे. खूप मागे असलेल्या एखाद्या ठिपक्याचा सेन्सरवर जो धूसर गोल पडतो, त्याचा व्यास साधारणपणे असा काढता येतो: फोकल लेंग्थ भागिले एफ क्रमांक, गुणिले फूल सेन्सरवर किती पट पडतंय ते. व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे एफ/२.८ला होती; तेव्हा १०० भागिले २.८, त्याच्या निम्मं, म्हणजे जवळजवळ १८ मिलिमीटर. माझ्या कॅमेऱ्याच्या फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या, सेन्सरची रुंदीच ३६ मिलिमीटर! एका ठिपक्याने अर्धी फ्रेम व्यापली, तर माणसाचं धुकं होणार नाही तर काय? एफ/११ला तोच गोल साडेचार मिलिमीटरचा झाला. आता माणूस माणसासारखा दिसायला लागतो. मी वीतभर डावीकडे सरकलो, मागे गवताचा उतार आला, काम झालं.

यावर तुम्ही म्हणाल, काढून मागे बघितलं असतं तर हेच कळलं असतं. खरं आहे. पण चिखलात पोटावर पडल्यावर माझ्या त्या कॅमेऱ्याची स्क्रीन, जी हलतही नव्हती, दिसते कुणाला? आणि दुसरी गोष्ट स्वभावाची आहे. काढलेला फोटो तपासताना आपण फूल मोठं करून बघतो, फूल स्पष्ट आलं की खूश होऊन पुढे जातो. मागचा रेनकोट घरी गेल्यावर सापडतो. बटण दाबताना मात्र मी फुलाकडे बघतच नाही. चारही कोपरे आणि कडा, तिथे कुठे काडी, पांढरा ठिपका, कुणाची पँट गोळा होतेय का, एवढंच.

या कामाला अंधारलेला व्ह्यूफाइंडरही पुरतो, कारण आकार ओळखायला बारकावे लागत नाहीत. एक सोपी सवय: बटण एकदाच दाबून धरू नका, तीन-चार वेळा दाबा-सोडा करा. बदलतं ते डोळ्याला चटकन दिसतं. मंडपातल्या दिव्यांच्या माळा मागे असतील तर हे फार मजेशीर दिसतं. जुन्या ५० एमएम एफ/१.८ टू लेन्सला पाचच पात्या होत्या, त्यामुळे एफ/४ला मागचे गोल दिवे पंचकोनी व्हायचे. काहींना ते आवडतं, मला नाही. तुमची त्यानंतरची एसटीएम नावाची असेल तर सात पात्यांची, त्यामानाने बरीच गोल.

स्पष्ट काय येणार, हे बघायचं असेल तर जागा वेगळी: लाइव्ह व्ह्यू, म्हणजे व्ह्यूफाइंडरऐवजी मागच्या स्क्रीनवर थेट चित्र बघणं. तुमच्या ७००डीवर ते आहे, आणि सरांनी नेमकं हेच सांगायला हवं होतं असं मला वाटतं. लाइव्ह व्ह्यू चालू करा, फोकस मॅन्युअलवर टाका, चित्र पाचपट किंवा दहापट मोठं करा आणि मग ते बटण दाबा. इथे अंधार होत नाही. सेन्सरकडून येणारा सिग्नल कॅमेरा वाढवून घेतो, म्हणून स्क्रीन उजळच राहते. उजेड फारच कमी असेल तर चित्र थोडं खरखरीत दिसतं. व्ह्यूफाइंडरमध्ये जे कधीच दिसलं नसतं ते बोटाएवढ्या भागात दिसतं. मोठं करणं मात्र टाळू नका. अख्खा फोटो तीन इंची स्क्रीनवर बघाल तर सगळंच स्पष्ट वाटेल. पासपोर्ट फोटोत कुणाच्या चेहऱ्यावरचे डाग दिसतात?

दागिन्यांच्या कामात मी हे दिवसातून पन्नास वेळा करतो. एक नथ घ्या. आपल्याला ती चपटी वाटते, पण ट्रेवर उभी केली की पुढच्या मोत्यापासून मागच्या तारेपर्यंत सेंटिमीटरभर खोली भरते. मोत्यांचा झुबका पुढे, मधला लाल खडा थोडा आत, तार त्याहून मागे. फुल फ्रेमवर, निम्म्या आकाराला, एफ/११ला स्पष्ट पट्टा जेमतेम चार मिलिमीटरचा. म्हणजे सगळी नथ एका फोटोत बसत नाही, हे आधीच मान्य करून कामाला लागायचं. मग प्रश्न उरतो, ते चार मिलिमीटर कुठे खर्च करायचे? सराफाला खडा हवा असतो, सुनेला मोती. मी फोकस पुढच्या मोत्याच्या किंचित मागे ठेवतो, बटण दाबून दहापटीने मोती बघतो, मग तसाच सरकत खड्यावर जातो. खड्याची धार विरघळत असेल तर फोकस केसभर मागे. हे सगळं एकही फोटो न काढता. काढून-तपासून-पुन्हा काढून करायचं तर एकेका नथीला पंधरा फोटो होतात, आणि कॅटलॉगमध्ये नथी असतात साठ.

इथे एफ/१६ किंवा एफ/२२ का नाही, असं बरेच जण विचारतात. बटण दाबून बघा, उत्तर स्क्रीनवरच आहे. पट्टा वाढतो, पण सगळंच थोडं मऊ पडतं. छिद्र लहान झालं की प्रकाश कडांवरून पसरतो. त्यात निम्म्या आकाराला एफ/१६ प्रत्यक्षात दीडपट, म्हणजे एफ/२४सारखं वागतं. तिथे एका बिंदूची चकती सेन्सरवर सुमारे ३२ मायक्रॉनची पडते, आणि फुल फ्रेमवर ‘स्पष्ट’ म्हणायची रूढ मर्यादाच ३० मायक्रॉन, म्हणजे ०.०३ मिलिमीटर आहे. मागची तार वाचवायला जाऊन पुढचा मोती घालवला, असा तो व्यवहार. कोष्टकात आणि ॲपमध्ये हे सहसा दिसत नाही, ती फक्त पट्टा वाढल्याचं सांगतात.

ती ०.०३ मिलिमीटरची मर्यादा कुठून आली? साधारण आठ बाय दहा इंचांचा प्रिंट हातभर अंतरावरून बघितला तर डोळ्याला काय स्पष्ट वाटेल, यावरून. तुमच्या लहान सेन्सरला ती ०.०१९-०.०२ धरतात. म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड ही लेन्समध्ये भरून ठेवलेली वस्तू नाही. फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकणार असाल तर एफ/५.६लाही सगळं स्पष्ट. तोच फोटो छत्तीस इंची अल्बमच्या पानावर पसरला आणि नवरीच्या मावशीने चष्मा लावून बघितला, तर गोष्ट वेगळी.

हिशोब कुठे पुरतो तेही सांगतो, कारण सगळीकडे बटण दाबत बसायची गरज नाही. ग्रुप फोटो. पायरीवर तीन रांगा, तुम्ही चार मीटरवर, ७००डीवर २४ एमएम, एफ/५.६. पुढच्या रांगेवर फोकस केला तरी सुमारे २.३ मीटरपासून १५ मीटरपर्यंत सगळं रूढ अर्थाने स्पष्ट येतं. तीन रांगांच्या ठिकाणी सहा बसतील. इथे बटण दाबून काही कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. त्याऐवजी कुणाचे डोळे मिटलेत ते बघा. लँडस्केपचंही तसंच. १८ एमएम, एफ/८ला दोन मीटरवर फोकस केला की एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं येतं. एवढा एक आकडा पाठ करा, किट लेन्सवरची निम्मी चिंता मिटेल. जुन्या लेन्सवर या अंतरांच्या रेषाच कोरलेल्या असायच्या. किट लेन्सवर त्या नाहीत, आणि मला त्या बटणापेक्षा त्या रेषांची आठवण जास्त येते.

लँडस्केपमध्ये एक जागा आहे जिथे बटणाशिवाय माझं पान हलत नाही. आकाश दाबायला लेन्सपुढे अर्धा काळा, अर्धा पारदर्शक फिल्टर लावता ना, त्याची काळी-पांढरी सीमा उघड्या लेन्सवर इतकी विरघळलेली असते की ती कुठे आहे ते कळत नाही. एफ/११ला ती आवळून येते आणि डोंगराच्या माथ्यावर चक्क काळी पट्टी पडते. बटण दाबून धरायचं, फिल्टर खालीवर सरकवायचा, सीमा कड्यावर बसली की सोडायचं. जाड रिंगचा फिल्टर वाइड लेन्सवर कोपरे कापतो का, तेही असंच बघायचं.

आणि एक उद्योग असा, ज्यासाठी हे बटण बनवलेलंच नाही पण हौशी लोक सर्रास करतात. मॅक्रो लेन्स परवडत नसेल तर ५० एमएम उलटी लावायची रिंग मिळते. कॅननच्या ईएफ लेन्सला ॲपर्चरची रिंग नाही, उलटी केली की ती पूर्ण उघडीच राहते. म्हणून आधी लेन्स सरळ लावून एफ/११ ठरवायचं, हे बटण दाबून धरायचं आणि दाबलेलं असतानाच लेन्स काढायची. पात्या मिटलेल्याच राहतात. मग लेन्स उलटी लावा, मुंगीचे फोटो काढा. कंपनीच्या पुस्तकात ही रीत सापडणार नाही, आणि उलट्या लेन्सची मागची काच उघडी पडते, तेव्हा पावसात करू नका.

काढून तपासणं या तिसऱ्या वाटेला मी कमी लेखत नाही. स्थिर वस्तू, ट्रायपॉड, वेळ हाताशी, असं असेल तर तीच सगळ्यात प्रामाणिक. फ्लॅशचा उजेड कसा पडतो हेही तिथेच कळतं, बटणातून नाही. पण काढलेला फोटो मोठा करून, मागे आणि कडांना बघणार असाल तरच. वारा असेल, मधमाशी असेल, अंतरपाट खाली येण्याचा क्षण असेल, तर काढून तपासेपर्यंत समोरचं संपलेलं असतं.

लग्नावरून आठवलं. कॅननचा बाहेरचा फ्लॅश लावलेला आणि चालू असताना हे बटण दाबलं तर फ्लॅश सेकंदभर धडाधड लुकलुकतो. सावल्या कुठे पडतील ते आधी दिसावं म्हणून दिलेली ती सोय आहे. निकॉनच्याही बऱ्याच कॅमेऱ्यांवर असंच होतं, तिथे मेनूतून बंद करता येतं. मला हे कळलं कन्यादानाच्या वेळी. मंडप शांत, गुरुजींचा मंत्र चाललेला, आणि मी मागच्या समईच्या ज्योती किती मोठ्या दिसतील ते बघायला बटण दाबलं. डिस्कोसारखा लखलखाट. गुरुजी थांबले. मांडीवरचं एक पोर रडायला लागलं. मुलीच्या मामांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून लक्षात आहे.

आता मिररलेसचं. वेगळं बटण आहे का हे शोधू नका. बहुतेक कॅमेऱ्यांवर एखाद्या फंक्शन बटणाला ते काम नेमून देता येतं. त्यापेक्षा महत्त्वाचं हे की कॅमेरा न विचारता काय करतो, आणि ते कंपनीगणिक वेगळं आहे. सोनी साधारणपणे बघताना तुम्ही लावलेल्या ॲपर्चरलाच लेन्स मिटवून ठेवतो. निकॉन झेड एफ/५.६पर्यंत खरं दाखवतो. एफ/११ लावलं तरी बघताना लेन्स एफ/५.६लाच थांबते, पुढचं बघायला बटण नेमावं लागतं. फुजी अर्धं बटण दाबल्यावर मिटवतो. कॅननचे आर मालिकेतले कॅमेरे एरवी लेन्स उघडी ठेवतात आणि उजेडाचं फक्त गणित करून दाखवतात. त्यामुळे स्क्रीनवर उजेड खरा पण धूसरपणा खोटा, असं होतं. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. आर७सारख्या नंतरच्या मॉडेलमध्ये उजेडाबरोबर डेप्थ ऑफ फील्डही खरी दाखवायचा पर्याय मेनूत आहे.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याला विचारण्यापेक्षा हे करा: एफ/११ लावा, कॅमेरा स्वतःकडे वळवून लेन्सच्या तोंडातून आत बघा. पात्या मिटून बारीक छिद्र दिसतंय की सताड उघडं आहे? मग अर्धं बटण दाबा, पुन्हा बघा. दहा सेकंदांत कळतं. फोकस पीकिंगच्या, म्हणजे स्पष्ट भाग दाखवायला कॅमेरा स्क्रीनवर रंगवतो त्या, रंगीत कडांवर मात्र भिस्त ठेवू नका. त्या हातचं राखून बोलत नाहीत, जेवढं स्पष्ट असतं त्याहून जास्तच रंगवतात. मोठं करून बघणं इथेही सुटत नाही.

७००डीपुरतं सांगायचं तर या रविवारी घरी एक करून बघा. जेवणाच्या टेबलावर फूटपट्टी तिरकी ठेवा, पलीकडे खिडकीत एखादी कुंडी. ५० एमएम लावा, ॲपर्चर एफ/८, फोकस पट्टीच्या १५ सेंटिमीटरच्या खुणेवर. आधी व्ह्यूफाइंडरमधून बटण दाबा-सोडा करत फक्त कुंडीकडे बघा, पट्टीकडे नको. मग लाइव्ह व्ह्यू चालू करून दहापट मोठं करा आणि बटण दाबून पट्टीवरचे आकडे कुठून कुठपर्यंत वाचता येतात ते बघा. तेच एफ/२.८ला, मग एफ/१६ला. शेवटी तिन्हींचे फोटो काढून संगणकावर तपासा. व्ह्यूफाइंडर कुठे खरं बोलला आणि कुठे थापा मारल्या, ते तुमच्याच पट्टीवर लिहिलेलं सापडेल. आणि फ्लॅश आधी काढून ठेवा.